ढिगावर रिकामा झालेला टँकर

मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. तहानलेल्याला पाणी पाजलं की जन्माचं सार्थक होतं, असं म्हणतात. माझंही झालं असतं. माझ्या पोटावर निळ्या अक्षरांत 'पाणी हेच जीवन' असं रंगवलेलंच होतं. पण मित्रांनो, पोटावर लिहिलेलं आणि पोटात असलेलं एकाच पत्त्यावर पोचतं असं नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. वेल्डरने माझे सांधे जोडले, पाच हजार लिटर पाणी भरून पाहिलं आणि "एक थेंब गळणार नाही," म्हणत पाठीवर थाप मारली. आयुष्यात मिळालेली ती पहिली आणि शेवटची खरी शाबासकी.

मला एका खाणीने विकत घेतलं. खाणीतली लाल माती ओढ्यात उतरे आणि ओढ्यातून गावच्या विहिरीत. धुतलेले कपडे लाल निघत. पाणी उकळलं तर पातेल्याच्या तळाशी बोटभर गाळ बसे. तेव्हा गावाला रोज एक टँकर स्वच्छ पाणी देऊ, असं खाणीने सरकारला लिहून दिलं. ते लिहून दिलेलं म्हणजे मी.

माझा ड्रायव्हर त्याच गावचा जावई. त्यामुळे त्याला नावाने कुणी हाक मारलीच नाही. आम्ही चौकात शिरलो की बायका हंडे घेऊन धावत. "अहो जावई, मानपान नंतर, आधी पाईप सोडा!" रांगेत सर्वांत पुढे त्याची सासू. ती गावची सुईण. नव्या बाळाची पहिली आंघोळ लाल पाण्याने होऊ द्यायची नाही, हा तिचा हट्ट. खाणीच्या करातून पाणीटंचाईच्या गावाला पाणी शुद्ध करणारी टाकी मिळू शकते, हे तिला कुठूनसं कळलं होतं. त्या टाकीच्या अर्जासाठी तिने कचेरीत चार चकरा मारल्या होत्या.

आता माझ्या लाजेची गोष्ट. खनिजावरचा कर कोरड्या मालाच्या वजनावर लागतो. म्हणून महिन्यातून एकदा तपासनीस यायचा, ढिगातला घमेलंभर माल भट्टीत वाळवायचा आणि वजन किती घटलं ते लिहायचा. जेवढा ओलावा जास्त, तेवढा कर कमी.

एका सकाळी गावासाठी भरून निघालो, तर मॅनेजरने हात दाखवून थांबवलं.

"तो ढीग जरा भिजव."

"साहेब, हे गावाचं पाणी आहे."

"गाव काय पळून जातंय? तपासनीस अकराला येतोय. कुणी विचारलंच तर धूळ बसवतोय म्हण. पर्यावरणाचं काम आहे."

जावयाच्या घरी दोन लेकरं होती आणि गावात दुसरी नोकरी नव्हती. त्याने नळ सोडला. मी नाही म्हणालो नाही. टँकरला झडप असते, जीभ नसते. पण खरं सांगतो, ओझं उतरलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं. लाज वाटते ती त्याचीच जास्त.

तपासनीसाने नमुना उचलला तेव्हा त्याच्या बोटांतून पाणी ठिबकत होतं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. त्याने रुमालाला हात पुसले आणि भट्टीने दाखवले तेवढे बावीस टक्के लिहून टाकले. मग दर महिन्याला एक दिवस हाच कार्यक्रम. त्या दिवशी गावाला सांगायचं, 'टँकर बिघडलाय.' बिघडलाय, आणि मी!

वर्षभराने कचेरीचं उत्तर आलं. सुईणबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद जावयापुढे धरला. "वाचा हो, जावईबापू. टाकी कधी येतेय?"

तो माझ्या चाकाला टेकून वाचू लागला. खाणीच्या तपासणीनुसार या भागातल्या मातीत बारा महिने बावीस टक्के ओलावा आढळतो. सबब हा भाग पाणीटंचाईचा नाही. अर्ज नामंजूर.

"बावीस टक्के म्हणजे किती?"

जावयाने कागदाची घडी घातली. "एक टँकर, आई," तो म्हणाला.

"जो बिघडायचा, तो?"

त्याने मान डोलावली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सोमवारी शिंपिणीच्या सुनेचे दिवस भरतायत," एवढंच म्हणून त्यांनी हंडा उचलला.

सोमवार तपासणीचा होता. मॅनेजरने थांबायला हात वर केला. जावयानेही हात वर करून त्याला रामराम केला आणि गाडी सरळ गावात नेली. त्या दिवशी परातीसुद्धा भरल्या. शिंपिणीची नात स्वच्छ पाण्याने न्हाली. तिकडे खाणीत ढिगाच्या नमुन्यात ओलावा निघाला तीन टक्के.

संध्याकाळी जावयाकडून माझी किल्ली काढून घेतली. मला शेडमागे उभं केलं. तिथे गंजत मी वाट पाहत होतो, की आता तरी खोटं उघडं पडेल आणि टाकीचा अर्ज पुन्हा उघडला जाईल. मित्रांनो, तुमच्या हाती कधी नळ आला तर सोडण्याआधी खाली कुणाचं भांडं आहे, तेवढं बघा. मी फार उशिरा बघितलं.

तीन टक्क्यांचा तो नमुना 'भट्टीतील बिघाड' म्हणून बाद झाला, आणि त्या महिन्याच्या रकान्यात मागच्या बारा महिन्यांची सरासरी लिहिली गेली.