दुसरी रेघ

दर मंगळवारी काळुराम भगताच्या अंगणात मिठागरावरची सगळी माणसं जमायची. ऋतुजा पाटावर बसायची. भगत तिच्या लघवीच्या वाटीवर मंत्र पुटपुटायचा, गरोदरपण तपासायची पट्टी बुडवायचा आणि दोन लाल रेघा उमटल्या की बायका हात जोडायच्या. तीन महिन्यांमागे तिचा गर्भ पडला होता. भगत म्हणे, "पडला नाय, देवीनं लपवलाय. खाडी ओलांडलीस तर कायमचा जाईल."

झालं! पेणचा दवाखाना खाडीवरच्या धरमतर पुलापलीकडे. पोरीच्या अंगावरून रक्त जात होतं, खोकला थांबत नव्हता, आणि सासू विमलबाई तिला उंबऱ्याबाहेर सोडत नव्हत्या.

मी गावची आशाताई. भगताचा राग येत होताच, त्याहून जास्त माझा स्वतःचा. पहिली पट्टी माझ्याच पिशवीतली. दोन रेघा बघून मीच साखर वाटली होती. दोन रेघा म्हणजे बाळ, हे गावाला मीच शिकवलं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? पेणच्या डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या चिडल्याच. लगेच आणा म्हणाल्या.

तोही मंगळवारच होता. दोन पट्ट्या घेऊन मी अंगणात गेले आणि भगताला म्हटलं, आधी गप्प बसा. ऋतुजाच्या वाटीत मंत्राशिवाय पट्टी बुडवली. दोन रेघा! मग साठीच्या विमलबाईंकडून वाटी भरून आणवली आणि भगताला म्हटलं, आता म्हणा हवे तेवढे मंत्र. घसा बसेस्तोवर म्हणाला, मग मी दुसरी पट्टी बुडवली. एकच रेघ.

"देवी कोपली," तो म्हणाला.

"देवीला मधे आणू नका. पट्टीला बाळ दिसत नाय, लघवीत उतरलेलं हार्मोन तेवढं कळतं. ते बाळामुळं वाढतं, तसं आजारानंही वाढतं, डॉक्टरबाईंनी सांगितलंय. चुकीचं मीच शिकवलं."

ऋतुजानं विचारलं, "म्हणजे बाळ नाय, ताई?"

"नाय गो."

ती ढसाढसा रडली. विमलबाईंनी तिला हाताला धरून उठवलं. "चल पेणला. देवीला काय सांगायचं ते मी सांगन."

सोनोग्राफीत बाळ नव्हतं. वारेच्या उरलेल्या पेशींची गाठ झाली होती, फुप्फुसापर्यंत पोचलेली. क्वचित होणारा कर्करोग. गरोदरपणाचं हार्मोन तोच बनवत होता. पण औषधानं बहुतेक वेळा बरा होणारा. पाच महिने इंजेक्शनं चालली.

परवा डॉक्टरबाईंनी रक्ताचा अहवाल चांगला आल्याचं सांगितलं. तरी विमलबाईंनी माझ्याकडून पट्टी मागून घेतली. एकच रेघ आली, आणि त्यांनी आळीभर साखर वाटली.

बायांनो, गर्भ पडल्यावरही आठवड्यांमागून आठवडे दोन रेघा येत राहिल्या, तर नवस बोलू नका. पूल ओलांडा.