कुलपावरचं मंडल

पंधरा बायांना ध्यानाला बसायला मी शिकवलं. मी, द्रौपदी! थू माझ्या जिंदगीवर!

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना होता. अंबरनाथहून मी तिथे धागे कापायला जायचे. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, मागे एक दार आणि दाराबाहेर बायांचा संडास. ब्याण्णव साली दोन पँटी चोरीला गेल्या. त्या मागच्या दारानेच गेल्या असं शेठने ठरवलं आणि दाराला कुलूप ठोकलं. आता लघवीला जायचं तर सुपरवायझर आनंदाला विचारायचं, पानटपरीवरच्या टोळक्यासमोरून पुढच्या गल्लीत जायचं आणि म्युनिसिपालटीच्या संडासापुढे लाइन लावायची. आनंदा घड्याळ बघत बसायचा. बायांनी काय केलं? पाणी प्यायचंच सोडलं.

मी रोज भांडायचे. "शेठ, चावी द्या. आम्ही माणसं आहोत, ढोरं नाही!" खरं तर ढोरं बरी, त्यांना कोण अडवतंय?

शेठ हसायचा. "द्रौपदीबाई, इतना गुस्सा सेहत के लिए अच्छा नहीं."

मग एक दिवस शेठाणी आली. बाई भली होती, खोटं कशाला बोलू? कुठल्याशा शिबिराला जाऊन आली होती, तिथून भलंमोठं चित्र आणलं होतं. चौकोनात गोल, गोलात पाकळ्या, चारी बाजूंना दारं काढलेली आणि मधोमध लाल ठिपका. याला मंडल म्हणतात, म्हणाली. रोज सकाळी दहा मिनिटं ठिपक्यावर नजर ठेवायची, मन थाऱ्यावर येतं. शेठने ते टांगलं नेमकं मागच्या दारावर. कुलूपबिलूप सगळं झाकून गेलं. चित्रात दारं चार, आणि खरं होतं ते बंद.

"तू विहारात ध्यानाला बसती है ना?" शेठाणी मला म्हणाली. "फिर तूच शिकव सबको."

आणि मी भुलले. काल भांडकुदळ म्हणणारे आज ताई म्हणायला लागले ना! मी पुढे बसायचे. "पाठ ताठ. श्वास सावकाश. नजर ठिपक्यावर." सांगते, गुणही आला. पंधरा दिवसांत माझं डोकं हलकं झालं. आनंदा घड्याळ बघत बसला तरी काही वाटेना. चावी मागायचं मी कधी सोडलं, ते माझं मलाच कळलं नाही.

सरू वांगणीकडच्या डोंगरवाडीतली, अठरा वर्षांची पोर. माझ्या शेजारीच धागे कापायची. एका दुपारी ओटीपोट धरून म्हणाली, "मावशी, लय दुखतंय. आग होतेय नुसती." टपरीवर पोरांचा घोळका होता, म्हणून ती बाहेर जाईना. मी काय करावं? चावीसाठी उठले नाही. म्हटलं, "ठिपक्याकडे बघ, दुखणं मागे पडेल."

पोरीने ऐकलं. तीन आठवडे ऐकलं. मग एका सोमवारी पँटींच्या ढिगावरच कोसळली, अंग तापाने फणफणलेलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई माझ्यावरच ओरडली, "किडनीपर्यंत गेलंय हे! इतके दिवस करत काय होता?"

काय करत होतो? ध्यान!

सरूने माझा हात धरला. "मावशी, तुम्ही सांगितलं तशी ठिपक्याकडंच बघत होते ओ. माझंच मन लागत नसंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेठवर नंतर, आधी माझ्यावरच. विहारात आम्हाला सांगतात, जे आहे ते जसंच्या तसं बघा. आणि मी पोरींना चित्र बघायला लावलं, त्यामागचं कुलूप नाही. त्या संध्याकाळी एकेकीच्या घरी जाऊन सांगून आले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता नेहमीसारख्या बसलो. दहा मिनिटांनी आनंदा म्हणाला, "चला, उठा." एक बाई हलली नाही. अर्धा तास झाला, तास झाला. माल संध्याकाळी जायचा होता. शेठ धावतच आला.

"अरे, ये क्या चल रहा है?"

"ध्यान," मी म्हटलं. "चावी येईपर्यंत चालेल."

"सबको निकाल दूंगा!"

वृंदा कधी तोंड न उघडणारी बाई. मान न वळवता म्हणाली, "निकालो ना. धागे शेठाणी कापेल."

तो ओरडला, शिव्या दिल्या, मग हात जोडले. साडेअकराला चावी आली. मंडल मी स्वतः उतरवून शेठच्या हातात दिलं. कुलूप निघालं आणि बाया धावल्या.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. सरूची एक किडनी काढावी लागणार, असं डॉक्टरांनी तिला सकाळीच सांगितलं होतं. मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. दार उघडलं गं, म्हटलं.

"किती येळ बसलात?"

"अडीच तास."

ती हळूच म्हणाली, "एवढंच?"

त्यापेक्षा तिने मला शिवी द्यायला हवी होती.