काही नाही

फ्रेमवाल्याच्या जिभेवर दोन शब्द कायम मुक्कामाला होते: काही नाही. काच कापताना तडकली, काही नाही. कुणाच्या आजोबांचा फोटो चौकटीत तिरका बसला, काही नाही, आत्ता सरळ करतो. "उद्या घराला आग लागली तरी हा बंबवाल्यांना म्हणेल, काही नाही हो, जा तुम्ही," असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आणि हा शहाणा ते ऐकून कौतुक झाल्यासारखा हसायचा.

कुत्रा घरात आला तो मेव्हण्यामुळे. "दोन दिवस सांभाळा," म्हणून तो ठेवून गेला, पुढे त्याची बदली झाली आणि त्याने कुत्र्याचं नावच टाकलं. मग नाव पडलं पाहुणा. "पाहुण्याला जेवायला घातलंस का?" असं बायको बेकरीतल्या कामावरून फोन करून विचारायची, तेव्हा फ्रेमच्या दुकानातली गिऱ्हाइकं चपापून इकडेतिकडे बघायची. पाहुणा सुरुवातीला सगळ्यांपासून हातभर लांब असायचा. मग हळूहळू त्याने दुकानातल्या टेबलाखालची जागा पटकावली आणि एक दिवस फ्रेमवाल्याच्या चपलेवर हनुवटी टेकून घोरायला लागला. त्या दिवशी फ्रेमवाल्याने पाय अवघडला तरी हलवला नव्हता.

काच कापली की टेबलावर बारीक चुरा पडतो. तो ब्रशने झाडायचा असतो. बायकोने त्यासाठी ब्रश आणून खिळ्याला टांगलाही होता. पण ब्रश घ्यायला उठायचं कुणी? फ्रेमवाला फुंकर मारायचा. अशाच एका घाईच्या दुपारी त्याने फुंकर मारली, आणि नेमका पाहुणा टेबलाखालून मान वर काढून त्याच्याकडे बघत होता. तो केकाटला आणि पंजाने डोळा चोळायला लागला. 

"डोळा एवढा लाल कशाने झाला?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"काही नाही. कचरा गेला असेल."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात दिवा धरून बघितलं. "बुबुळाला जखम आहे. हे थेंब दिवसातून तीनदा घाला. चुकलात तर डोळा जाईल."

"मीच घालतो तिन्ही वेळा," फ्रेमवाला म्हणाला. बायकोला तो प्रेमळपणा वाटला. तो अपराध होता, हे त्याचं त्यालाच माहीत होतं.

पहिल्याच सकाळी त्याने पाहुण्याला जवळ बोलावलं, गुडघ्यांत दाबलं, मानेला काखेत आवळलं आणि "काही नाही रे, काही नाही," म्हणत थेंब सोडला. औषध झोंबलं. पाहुणा धडपडून सुटला तो थेट पलंगाखाली. त्यानंतर फ्रेमवाल्याने "काही नाही" म्हणायला तोंड उघडलं रे उघडलं, की कुत्रा पसार. चपलेवर यायचा बंद झाला. हातातला पाव घेईना. एकदा त्याला फरफटत बाहेर ओढलं, तर त्याने भीतीने जागेवरच मुतलं. ते बघून फ्रेमवाल्याचा धीरच सुटला. चावला असता तर परवडलं असतं, असं त्याला वाटलं.

"घातलंस का औषध?" बायको विचारायची.

"घातलं."

आणि बाटली कमी झालेली दिसावी म्हणून तो थेंब मोरीत सोडायचा. खोटं बोलायचं तर नीट, असा हा कारागीर माणूस.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "जखम खोल गेलीय. तिन्ही वेळा जातंय ना औषध?"

"हो तर! हा स्वतः घालतो," बायकोने ठासून सांगितलं.

"मग औषध लागू पडत नाहीये. डोळा काढावा लागेल. उद्याच घेऊन या."

 फ्रेमवाल्याने आत्ता खरं सांगितलं तर डोळा वाचण्याची आशा होती. पण शेजारी बायको होती, तिचा हात पाहुण्याच्या पाठीवर होता, आणि तो कुत्र्याची साखळी घेऊन उठला. घरी येऊन ती स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने दुकानात जाऊन, शटर अर्धं ओढून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"औषध गेलंच नाही, डॉक्टर. पहिल्यांदा दाबून धरून घातलं तेवढंच."

"बायकोला माहितीये?"

"नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. चार दिवस देते. पण दाबून धरू नका, थेंब गालावरच जाणार. आधी त्याला सांगा, मग करा. उठून गेला तर जाऊ द्या."

"कुत्र्याला काय सांगू?"

"जे असेल ते."

बायकोला त्याने एवढंच सांगितलं की डॉक्टर अजून चार दिवस वाट बघणार आहेत. ती आनंदाने रडली. त्याला तिच्याकडे बघवेना.

तो पलंगापासून दूर, जमिनीवर मांडी घालून बसला. बाटली पुढे ठेवली. "औषध," त्याने सरळ सांगितलं. "झोंबेल." पाहुणा बाहेर आला, बाटली हुंगली आणि चालता झाला. फ्रेमवाल्याचे हात शिवशिवले, पण त्याने ते मांडीखाली दाबून धरले. दारापाशी पोचल्यावर पाहुण्याने मागे वळून बघितलं. आपल्याला कुणी धरलं नाही, याचं त्याला नवल वाटलं असावं. दुकान बंदच ठेवून फ्रेमवाला तसाच बसून राहिला. गुडघे कुरकुरायला लागले. पाहुणा यायचा, हुंगायचा, जायचा. मग पाव घेऊन जायला लागला. मग पाव खाऊन तिथेच थांबायला लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला आणि त्याने हळूच हनुवटी गुडघ्यावर टेकली.

"औषध. झोंबेल."

पाहुणा हलला नाही. थेंब पडला, आणि त्याच क्षणी फ्रेमवाल्याने दोन्ही हात बाजूला केले. पाहुणा डोळा मिचकावत पळाला, खोलीभर एक चक्कर मारली आणि पावासाठी परत आला. त्यानंतर एकही थेंब चुकला नाही. "झोंबेल" म्हटलं की तो आपणहून डोळे मिटायचा, पण कोपऱ्यात थेंबापुरती फट ठेवायचा आणि हनुवटी तशीच टेकून राहायचा. इतका विश्वास आपल्यावर कुणी टाकू नये, असं फ्रेमवाल्याला मनापासून वाटायचं.

चार दिवसांनी डोळा तपासून डॉक्टरीणबाईंनी दिवा विझवला. "थेंब गेलेत, ते दिसतंय," त्या फ्रेमवाल्याकडे न बघता म्हणाल्या. "पण उशीर झाला."

डोळा काढला. पाहुणा घरी आला तो टाके खाजवू नयेत म्हणून गळ्याभोवती घातलेला प्लॅस्टिकचा कर्णा आणि डोळ्याच्या जागी टाके घेऊन. बायको डोळे पुसत म्हणाली, "तू एवढं केलंस रे त्याच्यासाठी. नशीब त्याचं."

थेंबाची वेळ झाली. फ्रेमवाला सवयीने जमिनीवर बसला होता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाहुणा उठला, कर्णा दाराच्या चौकटीला आपटत आला आणि त्याने हनुवटी गुडघ्यावर टेकली. टाक्यांची बाजू वर केली आणि वाट बघत राहिला. घालायला औषध नव्हतं. तरी तो तसाच थांबला होता.

फ्रेमवाल्याच्या घशातून कसलासा आवाज आला. कपड्यांच्या घड्या घालणारी बायको वळली.

"काय झालं रे?"

दोन शब्द जिभेवर तयारच होते. फ्रेमवाल्याने ते गिळले.

"झालंय," तो म्हणाला. "बस जरा इथे. सांगायचंय तुला. झोंबेल."

तो शब्द ऐकून पाहुण्याने उरलेला डोळा मिटून घेतला. हनुवटी मात्र हलवली नाही.