देवमाशाच्या अर्जावर मालनची सही

नाव: मालन.

धंदा: वेसाव्याहून पाटी आणून अंधेरीच्या सोसायटीत मासे विकणे.

मागणी: उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमोंना दिलेला देवमाशांचा कोटा बंद करा.

अर्ज सोसायटीच्या सेक्रेटरी नलिनीबाईंचा. कोळणीची सही असली की पेपरवाले छापतील, असं त्यांना वाटत होतं.

"किती मारतात ते?" मालनने विचारलं.

"ठरवून दिलेत तेवढेच. भाला लागून निसटला, तरी तोही मोजतात."

"नि विकतात?"

"नाही गं, गावात वाटून खातात."

"मग त्यांच्या ताटातलं कशाला काढता, ताई? आमच्याकडं ट्रॉलरवाले अंड्यांची मासळी खरवडून नेतात, ती कोण मोजतो? त्याचा कागद आणा, दोन्ही अंगठे देते!"

नलिनीबाई चिडल्या. "सही नाही, तर उद्यापासून गेटच्या आत यायचं नाही."

मालनची निम्मी गिऱ्हाइकं त्या गेटच्या आत होती.

सही: मालनने कागद परत दिला, पाटी डोक्यावर चढवली आणि जिन्यात उभं राहून पाचही मजल्यांना ऐकू जाईल अशी हाळी दिली, "बायांनो, उद्यापासून मी गेटबाहेर बसनार! पापलेट पायजे तर खाली उतरा!"