मुदतीअखेर

उर्वीने स्पॅनिश शिकायचं ठरवलं, तेव्हा तिचे वडील त्र्यंबकराव एवढंच म्हणाले होते, “ठाण्यात कोण बोलतं गं स्पॅनिश?” आज त्यांना तेवढंही बोलता येत नव्हतं.

फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. स्पीच थेरपीची बाई कल्याणहून चित्रं घेऊन यायची. “काका, हे काय? गाय. म्हणा, गा-य.” अख्खी नोकरी बँकेत सरकारी रोख्यांचे कोट्यवधींचे सौदे फोनवर ठरवण्यात गेलेला हा माणूस, आणि त्याच्यासमोर गाय! ते भिंतीकडे तोंड फिरवून बसायचे. असंच चाललं तर येण्यात अर्थ नाही, असं बाईने कालच सांगून टाकलं. उर्वीच्या आईने, हेमाताईंनी, ते ऐकलं आणि त्या पोळ्या लाटायला गेल्या. त्यांना फार काही नको होतं. नवऱ्याने एकदा नावाने हाक मारावी, बस.

उर्वी मात्र स्पेनच्या सरकारी रोख्यांत गळ्यापर्यंत बुडाली होती. भाषांतराच्या एका एजन्सीने शब्दसूची दिली होती, स्पॅनिशमधून इंग्रजीत करायची. शब्द कळत होते, व्यवहार कळत नव्हता. ‘कुपोन कोर्रिदो’पाशी गाडी अडली. शब्दशः केलं तर ‘धावलेलं कूपन’! असलं इंग्रजी पाठवलं असतं तर एजन्सीने पुन्हा दारात उभं केलं नसतं. सवयीप्रमाणे ती स्वतःशीच मराठीत पुटपुटली, “रोखा मधेच विकला, तर मागच्या तारखेपासून साठलेलं व्याज घेणाऱ्याने विकणाऱ्याला द्यायचं... याला काय म्हणत असतील?”

“अक्रूड इंटरेस्ट.”

उर्वीने आधी मोबाइलकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आवाज बाबांच्या खुर्चीतून आला होता. स्पष्ट, खणखणीत आणि थोडा वैतागलेला, नवशिक्या कारकुनाला झापावं तसा.

“बाबा?”

तिने भीत भीत पुढचा शब्द घेतला. “हे ‘लेत्रास देल तेसोरो’. वेगळं व्याज नाही. कमी किमतीला घ्यायचं आणि वर्षाच्या आत पूर्ण रक्कम.”

“ट्रेझरी बिल.”

“आणि मुदत संपली की सरकार मुद्दल परत देतं, ते?”

“रिडेम्प्शन.”

पाणी मागता न येणारा माणूस! कुठे दडून बसले होते हे शब्द? पुरात सगळं घर धुऊन निघावं आणि फळीवरची एक बरणी जशीच्या तशी राहावी, तसं झालं होतं. उर्वीला हसावं की रडावं कळेना. देवापुढे उभं असल्यासारखी ती नकळत खुर्चीतून उठलीच.

हेमाताई पिठाच्या हातांनी दारात येऊन थांबल्या होत्या. नवऱ्याने एवढ्या वर्षांत बँक कधी घरी आणली नव्हती. हे शब्द त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना आनंद झाला आणि त्याहून जास्त राग आला.

“सरकार बरं आठवतं, मी नाही!” असं म्हणून त्या स्टूल ओढून थेट नवऱ्यासमोर बसल्या. “मला दे गं एक शब्द.”

पुढचा शब्द ‘बोनो कुपोन सेरो’ होता, म्हणजे झिरो कूपन बॉन्ड. उर्वीने त्याचा अर्थ आईच्या कानात सांगितला. आईने तो आपल्या भाषेत केला.

“अहो, ऐका. जे काय आहे ते एकदाच घालायचं. मग वर्षानुवर्षं थांबायचं. मधे काही म्हणता काही मिळत नाही, आणि मागायचंही नाही. जे मिळायचं ते अगदी शेवटी. याला काय म्हणतात हो?”

त्र्यंबकराव बायकोकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. झिरो कूपन, बाबा, सोपं आहे, उर्वी मनात म्हणत होती.

“हे... हेमा.”

उत्तर चुकलं, असं म्हणायची उर्वीची छाती झाली नाही. हेमाताईंनी पिठाचे हात तसेच त्यांच्या गुडघ्यांवर ठेवले.

“हो,” त्या म्हणाल्या. “परत सांगा.”