मशेरीचा रकाना

शनिवारची अर्धी शाळा होती. मांद्र्याच्या हायस्कुलात आठवीच्या वर्गावर विनिताने फॉर्म वाटायला घेतले तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि उघड्या जनेलातून सुक्या बांगड्यांचा वास आत येत होता.

फॉर्म मराठी आणि कोंकणी, दोन्हींत छापलेला. गोव्याचं राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं, तरी सरकारी कागद कोणत्या भाषेत आला यावरून माणसं अजून एकमेकांच्या तोंडाकडे बघत. हेडमास्तर गोकुळदास सरांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "दोन्हीकडे विडी ती विडीच गो विनिता. भांडूक जागाच ठेवूक नाय तुम्ही," म्हणाले आणि ऑफिसात निघून गेले.

विनिता पणजीच्या एका संस्थेत नोकरीला होती. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या बारा शाळांत जाऊन आठवी ते दहावीच्या मुलांना विचारायचं: सिगरेट ओढता का, विडी ओढता का, तंबाखू, गांजा, चरस, पहिल्यांदा कितव्या वर्षी, आणि नववा प्रश्न, ती वस्तू तुम्हाला कोणी दिली. मुलांनी आपलं नाव लिहायचं नाही. वरच्या लोकांची नजर किनाऱ्यावर होती. केरीपासून मांद्र्यापर्यंत गोरे लोक खोल्या घेऊन राहत होते, त्यांची नशा शाळेपर्यंत पोचली का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"बाई, विझलेली सिगरेट चलता काय?" मागच्या बाकावरून नितीनने विचारलं.

"कोणाची विझलेली?"

"बापायची."

वर्ग हसला. "लिही," विनिता म्हणाली. तीही हसली होती.

मग दुसऱ्या बाकावरच्या दीपाने हात वर केला. दीपा विनिताच्या शेजारघरची, प्रभावतीची मुलगी. घरी ती विनिताला ताय म्हणायची. इथे बाई म्हणताना लाजली. "बाई, मशेरी लिवची काय?"

तंबाखूची पानं खापरीवर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, की झाली मशेरी. वाड्यावरच्या सगळ्या बायका सकाळी ती बोटाने दातांना लावत. दात घासणं दोन मिनिटांत उरकतं. यांचं अर्धा तास चाले. मागच्या दारी उकिडव्या बसून, तोंडात बोट घालून, वाड्यावरच्या साऱ्या बातम्या तिथेच व्हायच्या. मुलगी जरा मोठी झाली की तिलाही चिमूटभर मिळे, आणि त्या दिवसापासून तिला कोणी "तू जा, खेळ" म्हणत नसे. आणि उभ्या वाड्याला मशेरी भाजून द्यायची ती विनिताची आई, शेवंती. तिच्यासारखी कोणाला जमत नसे. एका पैशाची देवघेव नव्हती. डबा घेऊन या, भरून न्या.

दीपाने नवव्या प्रश्नाखाली काय लिहिलं असतं, हे विनिताला ठाऊक होतं. तिच्या मागच्या बाकावरच्या चौघींनीही तेच लिहिलं असतं. नाव स्वतःचं लिहायचं नव्हतं. देणाऱ्याचं लिहायचं होतं.

"नको," विनिता म्हणाली. "ते दात घासायचं. ते नको लिहू."

दीपाने मान डोलावली आणि तंबाखूपुढच्या ‘नाही’च्या चौकोनात फुली मारली. मागच्या चौघींनी तिच्याकडे पाहून मारली.

दुपारी विनिता घरी आली तेव्हा मागच्या दारी धूर होता. शेवंती खापरीपुढे बसून पानं परतत होती. डोळे लाल, पदर नाकाला.

"इलंस? किती पोरां गावली विड्या ओढणारी?"

"तसं सांगायचं नसतं, आई."

"सरकार तुका पगार देता आनी सांगायचा नसता? माका इचारलां असतां तर एका दिसात यादी दिली असती. गोकुळदास मास्तर पयलो."

विनिताला हसू आलं. आई बोलताना तिची नजर आईच्या तोंडात गेली. डाव्या गालाच्या आत, खालच्या दातांपाशी, पांढरा चट्टा होता. गणपतीत, चवथीच्या दिवसांत नेवऱ्या खाताना आई मोठ्याने हसली होती, तेव्हा विनिताने तो पहिल्यांदा पाहिला. जूनमध्ये, काम सुरू होण्याआधी, संस्थेत एका दंतवैद्याने सगळ्यांना पडद्यावर तोंडांची चित्रं दाखवली होती. पांढरे चट्टे, लाल चट्टे, आणि पुढे काय होतं ते. चवथीला चट्टा नखाएवढा होता. आता बोटाच्या पेराएवढा झाला होता.

जेवताना आईने बांगड्याचं हुमण भातावर घेतलं, एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. "आज तिखट मायंदळ पडला."

हुमण रोजच्यासारखंच होतं. वाड्यावर सगळ्यांत जास्त तिखट खाणारी बाई शेवंती. विनिताने आपल्या घासाकडे पाहिलं. आई, एकदा म्हापशाच्या डॉक्टरकडे जाऊया, हे वाक्य चार महिने तिच्या जिभेवर होतं. पण आई विचारणार, कित्याक? त्याच्या पुढचं सांगावं लागलं असतं. तू भाजतेस ते. मी नऊ वर्षांची असताना दाढ दुखते म्हणून तू मला स्वतःच्या बोटाने लावलंस ते. तू वाड्याला वाटतेस ते. विनिताने कॉलेजात गेल्यावर मशेरी सोडली होती, आणि आईला सांगितलं होतं की होस्टेलात वेळ मिळत नाही. तिने कपाटभर पुस्तकं वाचली होती, पण आईशी हे कसं बोलायचं ते तिला येत नव्हतं.

"थोडं दही घाल," ती म्हणाली.

संध्याकाळी दीपा पावडरचा रिकामा डबा घेऊन आली. शेवंतीने तो काठोकाठ भरला, वर बोटाने दाबला आणि पुन्हा भरला. "आवशीक सांग, गरम आसा. रातभर उगडो ठेव म्हणा." दीपाने एक चिमूट तिथेच दातांना लावली आणि विनिताकडे बघून डोळे मिचकावले. दोघींचं गुपित असल्यासारखे.

रविवारी सकाळी, पोदेर पावाचे उंडे देऊन गेला त्यानंतर, शेवंती मागच्या दारी चूळ भरायला बसली आणि रक्त थुंकली.

बांबोळीच्या इस्पितळात पाच महिने गेले. डावा जबडा काढला. त्यानंतर आई बोलली नाही. जे यायचं ते घशातून, आणि ते फक्त विनिताला कळे. वॉर्डात तशाच बायका होत्या: पेडण्याच्या, सावंतवाडीकडच्या, एक बेळगावची. साऱ्यांचे पदर तोंडावर. वाड्यावरून भेटायला आलेल्या बायका म्हणत की म्हापशाच्या डॉक्टरने गेल्या साली दाढ उपटली, तिथूनच हे सुरू झालं. प्रभावती प्रत्येक वेळी त्या डॉक्टरला शिव्या घालून मगच बसायची. विनिता ऐकून घ्यायची.

मार्चमध्ये संस्थेचा अहवाल टाइप होऊन आला. तपासायला प्रत विनिताकडेच पाठवली होती. आईच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून तिने तो वाचला. मुलग्यांचे आकडे नीट होते. नितीनच्या बापाची विझलेली सिगरेटही त्यात कुठेतरी असणार. खाली एक ओळ होती: पाहणीतील दोनशे बारा मुलींपैकी एकीनेही तंबाखूचे सेवन केल्याचे आढळले नाही. कोणीतरी पेन्सिलीने बाजूला लिहिलं होतं, समाधानाची बाब.

तिने वर पाहिलं. आई जागी होती. आईने उजवा हात उचलून तर्जनी उरलेल्या हिरड्यांवरून फिरवली. रोज सकाळी ती तेच मागायची. विनिताने मान हलवली. आईने भुवया वर केल्या: का?

"डॉक्टर नको म्हणतात. जखम भरायची आहे."

आईने मान डोलावली. जखम भरली की मिळेल, असं तिने धरून ठेवलं होतं. विनिताने अहवालावर सही केली. आकड्यांत चूक नव्हती. शून्य तिनेच दिलं होतं. मांद्र्यात दीपाला दिलेलं उत्तरच तिने बाकीच्या शाळांतही दिलं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेवंती गेली.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका सवयीने शेवंतीच्याच मागच्या दारी जमल्या, आपापले डबे घेऊन. विनिता आतून तांब्याभर पाणी घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. बायकांनी मशेरी दातांना लावायला घेतली. मग प्रभावतीने डोळे पुसले आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या खापरीकडे हात केला.

"विनिता, एक मागतंय. ती खापरी आमच्या दीपाक दी. शेवंती तेका शिकयत होती. निदान तिचो हात तरी वाड्यार रवात."

दीपा पुढे आली. मध्यंतरी तिची उंची वाढली होती. तिने खापरी उचलली, धूळ फ्रॉकला पुसली आणि छातीशी धरली. तिच्या दातांच्या मुळाशी काळी रेघ होती.

"शेवंतीचां तोंड कोणी खराब केलां माहीत?" एक बाई म्हणाली. "त्या दाताच्या डॉक्टरान—"

"डॉक्टरान नाय," विनिता म्हणाली.

बायकांनी तोंडातली बोटं काढली.

"दीपा, शाळेत तू माका इचारलंस, मशेरी लिवची काय म्हणून. मी नको म्हटलंय." ती उंबऱ्यावरून उठली. "लिवची होती. मशेरी म्हणजे तंबाखूच. आयेचां तोंड तेनीच खाल्लां. चवथीक तिच्या गालात पांढरो डाग माका दिसलो. तो कसलो ता माका म्हाईत होता. मी बोललंय नाय. तिका शेवटपर्यंत सांगूक नाय, कारण तिनां ती आमका सगळ्यांक आपल्या हातान दिलेली."

प्रभावतीने दीपाच्या हातातल्या खापरीकडे पाहिलं, मग दीपाच्या तोंडाकडे.

"आ कर," विनिता दीपाला म्हणाली. "उजेडाकडे तोंड कर आनी आ कर."