चाकाखालची स्प्रिंग

वेसाव्याच्या कोळीवाड्यात बाकीच्यांचं काय असेल ते असो, सहदेवच्या घरात एक रीत होती. नारळी पौर्णिमेनंतर बोट पहिल्यांदा खाडीबाहेर पडेपर्यंत तांडेलाशिवाय, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशिवाय, कुणी सुकाणूच्या चाकाला हात लावायचा नाही. ज्यानं बोट बाहेर काढली, तो त्या वर्षाचा तांडेल.

यंदा चैत्रात सहदेवला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. पण डाव्या बाजूचं त्याला कळेनासं झालं ते झालंच, आणि ते त्याला पटतही नव्हतं. डोळे धड होते. तरी ताटात डावीकडची भाकरी तशीच ठेवून तो बायकोवर ओरडायचा, "रुक्मिणी, भाकरी कुठं हाय?" रुक्मिणी मुकाट्यानं ताट फिरवायची.

पौर्णिमा झाली तरी बोट कोण काढणार, हे घरात कुणी बोलेना. शेवटी मुलगा सौरभच म्हणाला, "बाबा, तूच काढ." सौरभ सांताक्रूझला विमानांच्या हँगरमध्ये कामाला होता. श्रीमंतांची छोटी खासगी जेट विमानं तिथं दुरुस्तीला यायची. गेले दोन रविवार तो बोटीच्या केबिनमध्ये चाकाखाली पडून काहीतरी करत होता. "साखळी गंजलेली, नीट केली," एवढंच त्यानं सांगितलं. सहदेवनं दाढी केली, नवा रुमाल बांधला.

चाक हातात आलं तेव्हाच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एरवी खालच्या साखळीतून सुकाणूची ओढ मनगटाला लागायची. कधी ओहोटीचा हिसका, कधी नुसती थरथर. आज चाक वळवलं की ते मागं लोटायचं, पण दरवेळी तेवढंच. पाणी असं वागत नाही.

"कसं वाटतंय?" सौरभनं विचारलं. तो शेजारीच उभा होता.

"शहाणं झालंय. सासरी गेल्यासारखं वागतंय."

खाडीच्या तोंडाशी उजवीकडं वाळूचा उंचवटा दिसला. सहदेवनं जन्मभर केलं तसं चाक डावीकडं मारलं. बोट सरळच राहिली. त्यानं आणखी फिरवलं. बोट सरळच.

"वाट लागली! सुकाणू तुटलं रं!" म्हणत त्यानं मागं पाहिलं. मागच्या टोकाला लहू बसला होता, त्याचा सगळ्यात जुना खलाशी. सुकाणूत अडकवलेला दांडा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, आणि त्याची नजर केबिनच्या उघड्या दारातून थेट चाकावर होती.

सौरभनं बापाची हनुवटी धरून मान डावीकडं वळवली. मढला जाणारी फेरीबोट अगदी लगटून चालली होती, माणसांनी भरलेली. कडेवर पोर घेतलेल्या एका बाईनं डोळे मिटून घेतले होते. फेरीवाला शिव्या देत होता. त्या शिव्या सहदेवला मघापासून ऐकू येत होत्या. कुणीतरी कुणाला तरी देतंय, असं त्याला वाटलं होतं.

सौरभनं इंजिन हळू केलं. बोट खुल्या पाण्यात आली.

"साखळी कुठाय?"

"काढली."

"मग हे मागं लोटतंय ते काय?"

"स्प्रिंग आहे, बाबा." सौरभ खाली बघून बोलू लागला. "आमच्याकडं नवी विमानं येतात ना, त्यांत असंच असतं. पूर्वी पायलटच्या दांडीपासून शेपटीपर्यंत पोलादी दोर जायचे. दांडी ओढली की तिथली फळी हलायची, वाऱ्याचा जोर हाताला लागायचा. आता दोर नाहीत. दांडी किती हलली ते विजेच्या तारेतून कॉम्प्युटरला कळतं. एक बिघडला तर दुसरा असतो. कुठली फळी किती हलवायची ते तो ठरवतो, आणि तिकडं तेलाच्या दाबानं ती हलते. विमान पडेल इतकं नाक पायलटनं वर खेचलं, तर कॉम्प्युटर तेवढं देत नाही. आणि हाताला काहीच लागत नाही, म्हणून दांडीला स्प्रिंग."

"म्हंजे लहू तुजा कॉम्प्युटर."

"मला कुठला येतोय कॉम्प्युटर!" लहू मागून ओरडला. "पोरगा बोलला, चाक वळंल तसं वळव. कुणाच्या जिवावर बेततंय दिसलं तर चाकाचं ऐकू नको."

"मग तो पायलट तरी कसला?" सहदेव म्हणाला.

"पायलटच. जायचं कुठं ते त्यालाच ठाऊक असतं. आजही तांडेल तूच होतास, बाबा. चाकावर हात तुझाच होता."

"त्या पायलटला ठाऊक असतं? मधी कोण बसलाय ते?"

"असतं. शिकवतातच तसं."

"मग मला का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू चाकाला हात लावला नसतास."

"नसता लावला," सहदेव म्हणाला. "साखळी जोड."

सौरभ चाकाखाली शिरला. स्प्रिंग निघाली तसं चाक मोकळं गरगरलं. लहूनं मागचा दांडा काढला. साखळी बसली आणि सहदेवच्या तळहातात पाणी आलं, पूर्वीसारखं, हट्टी. तो डोळे मिटून तसाच उभा राहिला. मग त्यानं हात उचलला.

"लहू, ये. धर."

लहू आला, पण चाकाला शिवेना. "तूच धर ना तांडेल. मी हितं उभा ऱ्हातो. डावीकडचं समदं मी सांगीन तुला."

"आनि सांगायला उशीर जाला तर?"

लहूनं चाक धरलं.

सहदेव पाय ओढत पुढं गेला आणि जाळ्याच्या ढिगावर समुद्राकडं तोंड करून बसला. सौरभ त्याच्यामागं दोन पावलं गेला आणि थांबला.

"तांडेल," केबिनमधून लहूनं हाक मारली, "जाळं कुठं टाकायचं?"

बोट ज्यानं काढली त्यानंच ठरवावं, म्हणून सहदेव बसून राहिला. लहूनं पुन्हा विचारलं नाही. बोट सरळ चालली होती.